पायाच्या वर्गातलं आपलं भांडण

फिलू, तुझ्या जागी नवीन बाई आल्या. इंग्रजी चांगलं आहे, आवाज बारीक आहे, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. तुझं कपाट त्यांना दिलं. आत सुकटाच्या चटणीचा वास होता, तो दोन दिवस उघडं ठेवूनही गेला नाही. शेवटी मी त्यांना सांगितलं, "राहू दे, सवय होईल. आम्हाला झाली होती."

तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरीत कधी लागलीस, हे सगळं कॉलेजच्या शोकसभेत वाचून झालं. प्राचार्यांनी तुला 'मितभाषी' म्हटलं, तेव्हा मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्याच्या निमित्ताने हसलं. कोण ते मला माहीत आहे. मीच.

तर ते सगळं सोडून मी तुला एका गोष्टीबद्दल लिहिते आहे. आपल्या दोघींचं एक भांडण अर्धवट राहिलं होतं. चार वर्षं चाललं, मरोळच्या बसस्टॉपवर चाललं, स्टाफरूममध्ये चाललं, तुझ्या ओट्यावर तुमचे ते तळलेले गोल फुगे खाताना चाललं. त्याचं पुढे काय झालं ते तुला कळायला हवं.

सुरुवात तुझ्यामुळेच झाली. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती. परळ-लालबागची बरीच घरं इकडे साकीनाका-असल्फ्याच्या डोंगरावर चढली होती, आणि त्यांची मुलं मराठी शाळेतून दहावी होऊन आपल्या कॉलेजात अकरावी कॉमर्सला येत होती. इथे सगळं इंग्रजीतून. पहिल्या महिन्यात मुलं गप्प बसायची, दुसऱ्या महिन्यात मागे बसायची, दिवाळीनंतर दिसायचीच नाहीत. आपलं कॉलेज त्यांच्यासाठी शनिवारी जादा तास घ्यायचं. तुमच्या गावठाणातल्या चर्चची समिती हॉलमध्ये इंग्रजीचा वर्ग चालवायची. साकीनाक्याच्या कामगार वाचनालयात सावंतकाका, पूर्वीचे गिरणी कामगार, मुलांना बसवून गणितं घालायचे. तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

एके दिवशी तू स्टाफरूममध्ये माझ्यापुढे तीन वह्या आपटल्यास.

"बघ गो शालू. तिन्ही वह्या एकाच पोरीच्या."

कुंदा परबच्या. पहिलीत माझ्या तासाचे अपूर्णांक. दुसरीत तुमच्या हॉलमधल्या कोणा बाईंनी इंग्रजी शिकवता शिकवता घातलेले अपूर्णांक. तिसरीत सावंतकाकांचे अपूर्णांक, त्यांच्या जुन्या रीतीने. एकच गणित तीन ठिकाणी तीन रीतींनी.

"पोरगी आठवड्यातून तीनदा पाव अधिक अर्धा करते," तू म्हणालीस, "आणि तिघंही समजतात की आपण तिला वर काढतोय."

मी म्हटलं, मग तिघांनी एकत्र यावं. हे मी म्हटलं हे विसरू नकोस. तू नेहमी स्वतःच्या नावावर सांगायचीस.

एकत्र येणं म्हणजे काय ते पहिल्या बैठकीत कळलं. दोन तास नाव ठरवण्यात गेले. 'पायाचा वर्ग' हे नाव सावंतकाकांचं, कोणालाच आवडलं नाही, म्हणूनच सगळ्यांना चाललं. मग फलकावर कोणाचं नाव आधी. कॉलेज म्हणे आम्ही मोठे, वाचनालय म्हणे आम्ही जुने, फादर काहीच म्हणत नव्हते पण उठतही नव्हते. तू पेंटरला सांगितलंस, तिन्ही नावं गोल लिही, ताटाच्या कडेला लिहितात तशी. फलक वाचायला मान वाकडी करून फिरावं लागायचं, पण भांडण मिटलं. शुक्रवारी वाचनालय बंद, रविवारी सकाळी फादरांची मिस्सा, शनिवारी दुपारी आपल्या शिपायाला घरी जायची घाई. या सगळ्यातून तू वार काढलेस. माझ्याने ते झालं नसतं. मी तिसऱ्या मिनिटाला कोणाला तरी 'मूर्ख' म्हणाले असते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानून टाकते.

माझं काम चाचणी. गणिताचा पेपर मी काढला, स्वतः स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईल केला, बोटं आठवडाभर निळी. गुणांप्रमाणे मुलं तीन ठिकाणी वाटायची: बरी असतील ती कॉलेजात, मधली वाचनालयात, कच्ची तुमच्या हॉलमध्ये. मला ती व्यवस्था फार सुंदर वाटली होती. अजूनही कागदावर ती सुंदरच दिसते.

कॉलेजचं माध्यम इंग्रजी, म्हणून पेपर इंग्रजीत. त्यात मला काही वावगं वाटलं नाही. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला वाटलं नाही, फिलू. ज्या मुलांनी दहा वर्षं अंश आणि छेद म्हटलं त्यांना मी न्यूमरेटर-डिनॉमिनेटर विचारलं, लसावि तोंडी काढणाऱ्यांना एल. सी. एम. काढायला सांगितला, आणि कोरे पेपर बघून लिहिलं: 'पाया कच्चा.' निम्म्याहून जास्त मुलं हॉलमध्ये गेली. कुंदाही गेली. दहावीला शाळेत गणितात पहिली आलेली मुलगी. महिन्याभरात कॉलेजातली बाकीची पोरं त्यांना 'हॉलवाले' म्हणायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात कुंदा यायची थांबली. तिच्या बापाने तिला एक वर्ष दिलं होतं: गिरणी गेली, आता तो एमआयडीसीत वॉचमन, अकरावी पास झाली तर बारावी, नाही तर एका कारखान्यात पॅकिंगला जागा बघून ठेवलेली. तू डोंगर चढून तिच्या घरी गेलीस. तिची आई मालवणची. ती तुला काय म्हणाली ते तू मला पुढे कधीतरी हुबेहूब करून दाखवलंस, पदर खोचण्यासकट:

"बाई, हुशार म्हणान धाडला तिका. आता ता म्हणता, माका काय येणा नाय. मगे कित्याक जावचा?"

तू परत आलीस आणि मला एक शब्द बोलली नाहीस. माझा पेपर घेऊन सावंतकाकांकडे गेलीस. त्यांच्याकडून तो मराठी करून घेतलास, कारण तुला स्वतःला लंब आणि कर्ण यांतला फरक कधी कळला नाही. डोंगरावरून कुंदाला खाली आणलंस आणि हॉलमधल्या सगळ्या मुलांपुढे तो पेपर मोठ्याने वाचलास. सावंतकाका सांगतात, तू गणितं मिस्सेतल्या वाचनासारखी वाचत होतीस, प्रत्येक प्रश्नानंतर थांबून.

मग मुलांनी लिहिलेल्या उत्तरांवरची नावं फाडून ते पेपर माझ्यापुढे ठेवलेस.

"तपासून दे ना गो. एका शाळेचे आहेत."

मी तपासले. तासाभरात. तुला आठवतंय मी काय म्हणाले? "कुठली शाळा? पोरं बरी आहेत. आपल्याकडे अशी का येत नाहीत?"

तू म्हणालीस, "तुझीच आहेत. हॉलवाली."

मला एवढा राग आला होता की मी पेन तिथेच टाकून बसस्टॉपवर गेले. आठ दिवस आपण बोललो नाही. मी म्हणत राहिले, फसवलं, सरळ सांगता आलं असतं. आता कबूल करते: सरळ सांगितलं असतंस तर मी ऐकलं नसतं. मी म्हणाले असते, "फिलू, तू इंग्रजी बघ."

नवव्या दिवशी तू मला ओढून कुंदाच्या घरी नेलंस. मी तिच्या आईला सांगितलं, पेपर माझा चुकला होता, मुलगी चुकली नव्हती. आईने चहा टाकला. कुंदा दारात उभी होती. तिने विचारलं, "बाई, मग मी कुठल्या खोलीत बसू?"

"कॉलेजात. वरच्या वर्गात."

"आणि सुमन?"

सुमन तिची मैत्रीण. दोघी एकाच वाटेने डोंगर उतरायच्या. सुमनचा पेपर मराठीतही कोरा होता. तिचं गणित खरंच कच्चं होतं. मी म्हटलं, "सुमन हॉलमध्येच बसेल. तिला गरज आहे."

उतरताना तू म्हणालीस, "शालू, तू पेपर मराठीत काढ, नाही तर लॅटिनमध्ये काढ. खोली वेगळी केलीस की पोरीला समजायचं ते समजतं."

मी म्हणाले, "कच्च्या मुलाला पक्क्यांत बसवलं तर तो बुडतो."

"आणि कच्च्यांत बसवला तर?"

"तर निदान त्याच्या वेगाने शिकतो."

"सुमन शिकणार नाय. सुमन जाणार."

दिवाळीनंतर सुमन गेली. जी पॅकिंगची जागा कुंदासाठी बघून ठेवली होती, तीच तिला मिळाली.

तेव्हापासून आपलं भांडण हेच. मी दर जूनला चाचणी घेत राहिले, आता मराठीत, मोठ्या अभिमानाने. तू दर जूनला म्हणत राहिलीस, चाचणी काढून टाक, सगळ्यांना एकत्र बसव, ज्याला जादा तास हवा तो आपणहून येईल. मी म्हणायचे, ज्याला सर्वांत जास्त गरज तोच आपणहून येत नाही, तुझा माणसांवर फाजील विश्वास आहे. तू म्हणायचीस, तुझा कागदावर आहे. बस आली की आपण थांबायचो. तू मरोळला राहायचीस, तुला बस नकोच असायची. तू फक्त भांडायला स्टॉपपर्यंत यायचीस. हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं लागली.

ते दिवस चांगले होते, फिलू. मी अशी वाक्यं लिहीत नाही, पण हे लिहिते. वर्ग नीट चालत होता. तीन ठिकाणची माणसं एकमेकांना नावानं हाक मारायला लागली. फादर वाचनालयाच्या गणपतीला आले आणि दोन मोदक जास्त घेऊन गेले. सावंतकाकांनी इंग्रजी शब्दांसमोर मराठी शब्द लिहून एक मोठा तक्ता केला. तो तिन्ही ठिकाणी लागला. तुला त्या तक्त्यावरून 'हायपोटेन्युज' म्हणायला लावायचे आणि तू दरवेळी काहीतरी भलतंच म्हणायचीस. मुलं हसायची, आणि ज्यांना बाई चुकतात हे दिसलं ती मुलं उत्तर द्यायला हात वर करायची. तू मुद्दाम चुकत होतीस की खरंच, हे मी कधी विचारलं नाही.

आता न सांगितलेली गोष्ट.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक काम केलं. त्या वर्षीची मुलं सोडून आधीच्या तीन वर्षांत ज्यांना ज्यांना मी हॉलमध्ये बसवलं त्यांची नावं काढली आणि बारावीच्या याद्यांत शोधत बसले. फार वेळ लागला नाही, कारण फारशी नावं तिथे नव्हतीच. वाचनालयातली मधली मुलं होती, कॉलेजातली तर होतीच. हॉलमधली गेलेली. गणितात नापास होऊन गेली असती तर माझं म्हणणं निदान टिकलं असतं. नापासही नव्हती झाली. बरीचशी परीक्षेला बसण्याआधीच गेली होती. तुमच्या हॉलमध्ये शिकवणं वाईट नव्हतं. सगळ्यांत चांगलं तिथेच होतं, तू शिकवत होतीस. तरी गेली.

मी ती यादी घडी करून पर्समध्ये ठेवली. सुट्टीनंतर तुला दाखवायची म्हणून. सुट्टीनंतर तू आलीस ती रजेचा अर्ज घेऊन.

मी दर शनिवारी हॉस्पिटलात आले. प्राचार्यांनी घेतलेल्या नव्या पडद्यांचा रंग सांगितला, कोणाची बदली झाली ते सांगितलं, सावंतकाकांना नातू झाला ते सांगितलं. यादी पर्समध्येच. तू एकदा विचारलंसही, "यंदा चाचणी कधी?" मी म्हटलं, "नेहमीसारखी, जूनमध्ये." तू डोळे मिटून म्हणालीस, "हट्टी बाई," आणि तुला बरं वाटल्यासारखं दिसलं.

मी का बोलले नाही? कारण त्या खाटेपाशी बसून मी 'तुझं बरोबर होतं' म्हटलं असतं, तर तू लगेच ओळखलं असतंस. तू म्हणाली असतीस, "म्हणजे मी एवढी आजारी आहे काय?" चार वर्षांचं भांडण आजाऱ्याला संत्री द्यावीत तसं तुझ्या हातात ठेवायचं, हे मला जमणार नव्हतं. तुला बरी करून, स्टॉपवर उभी करून, तुझ्या तोंडावर हरायचं होतं मला. ते राहिलं. त्याचं वाईट वाटतं, एवढंच लिहिते.

तुला नेलं त्या दिवशी चर्चच्या दाराशी सावंतकाकांनी देवळासमोर काढतात तशा चपला काढल्या. मग त्यांचं बघून असल्फ्याची सगळीच मुलं अनवाणी आत गेली. तुमच्या गावठाणातल्या म्हाताऱ्या बायका बघत राहिल्या. कुंदा आली होती. ती आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शनिवारी वाचनालयात गणित शिकवते. तिच्या शेजारी कडेवर मूल घेतलेली एक बाई होती. मी ओळखलं नाही.

"बाई, मी सुमन. बऱ्या आहात ना?"

मी म्हटलं, बरी आहे, मूल किती महिन्यांचं, नोकरी चालू आहे का. जे विचारतात ते. मग ती म्हणाली, "फिलोमिनाबाई माझ्या लग्नाला आल्या होत्या. बाळ झालं तेव्हाही आल्या. दरवेळी म्हणायच्या, सुमन, बाहेरून दहावीनंतरचं काहीतरी कर. मी म्हणायची, बाई, माझं डोकं नाही त्यातलं, चाचणीत आलंय ना ते."

चाचणीत आलंय ना ते. ती रागाने म्हणाली नाही, फिलू. रक्तगट सांगावा तसं म्हणाली.

तू चार वर्षं तिच्याकडे जात होतीस आणि मला सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर भांडणात एका मिनिटात जिंकली असतीस. का नाही वापरलंस ते? मला वाटतं तू सुमनकडे जिंकायला जात नव्हतीस. हे माझ्या उशिरा लक्षात आलं, आणि तुझ्याबद्दल मला जे वाटायचं त्यात थोडी भर पडली.

मग जूनची बैठक. तिन्ही संस्थांची माणसं, तुझी जागा रिकामी, म्हणजे एकूण आठ. नव्या बाई नुसत्या बसायला आल्या होत्या. मी ठराव मांडला: चाचणी बंद, तीन खोल्या बंद, सगळी मुलं एकाच वर्गात.

प्राचार्य म्हणाले, "पण बाई, चाचणी तुमचीच ना?"

"माझीच. म्हणून सांगते, ती चुकीची आहे."

"मग ही चार वर्षं?"

"चार वर्षं चुकले."

हे वाक्य बोलायला मला वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. तुझ्यापुढे झाला असता.

फादर हळूच म्हणाले, "फिलोमिना नेहमी हेच—" मी त्यांना तिथेच थांबवलं. म्हटलं, "फादर, कोण काय म्हणायचं ते आज नको. यादी बघू."

त्यांना ते तुटक वाटलं असणार. सावंतकाकांनीही माझ्याकडे बघितलं. पण तुझं नाव घेतलं असतं तर दोन मिनिटं सगळे गप्प बसले असते, मग सगळ्यांनी हात वर केले असते, आणि पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणालं असतं, ते आपण बाईंच्या आठवणीसाठी केलं होतं, आता पुन्हा चाचणी घेऊ. मेलेल्या माणसाच्या मानाखातर झालेला ठराव वर्षश्राद्धापर्यंत टिकतो. मला तो त्याच्या पुढे टिकायला हवा होता.

म्हणून भांडलो. दीड तास. वाचनालयाचे सेक्रेटरी म्हणाले, हुशार मुलांचं नुकसान होईल. मी म्हटलं, कुंदाला विचारा, हुशार कोणाला म्हणायचं ते चाचणीला कळतं का. प्राचार्य म्हणाले, कच्च्या मुलांना जादा तास कसा देणार? इथे मी तुझं ऐकलं नाही. 'आपणहून येतील' हे मला अजूनही पटत नाही, तू कितीही तावातावाने सांगितलंस तरी. मी म्हटलं, पहिले सहा आठवडे जादा तास सगळ्यांना सक्तीचा, पहिल्या नंबराच्या मुलालाही. हजेरी मी घेणार. तू असतीस तर 'सक्ती' या शब्दावर उठून उभी राहिली असतीस. राहा उभी. निदान खोली एकच आहे.

पाच विरुद्ध तीन. मंजूर.

खाली उतरताना सावंतकाका म्हणाले, "बाई, ह्या सगळा फिलूबाईचाच म्हणणा ना?"

"अर्धं," मी म्हटलं. "अर्धं माझं आहे. त्यावर तिचं-माझं अजून जमलेलं नाही."

ते हसले. "मगे बरा आसा."

सोमवारी वर्ग सुरू होतो. या वर्षीची नावं फलकावर लागली आहेत, एकाखाली एक, अक्षरांच्या क्रमाने, एकाच कागदावर. एका खोलीत एवढी मुलं बसवायची म्हणजे बाकं कमी पडतात. आज दुपारी शिपायाला टेम्पो देऊन तुमच्या हॉलमधली सगळी बाकं कॉलेजात आणवली. मोजून घेतली, पुसून घेतली, आपल्या बाकांच्या मधेमधे लावून घेतली. आता कुठलं कुठलं आहे ते मलाही ओळखता येत नाही.